दमयंतीची साडी रंगवताना: नकलेतून तैलरंग शिकण्याची पद्धत

तैलरंग शिकायला घेणारे बहुतेक जण पहिल्या कॅनव्हासवर सूर्यास्त नाहीतर फुलदाणी काढतात. माझं सांगणं असं की जुन्या, कसलेल्या चित्रकारानं रंगवलेली वस्त्र ल्यालेली उभी स्त्री घ्या आणि तिची सावकाश, थरावर थर देत नक्कल करा. अंगावरून उतरणाऱ्या कापडात तैलरंगातलं जवळजवळ सगळं येतं. गोलाई असते, कडा असतात, पारदर्शक रंग आणि अपारदर्शक रंग असतो, आणि आतल्या शरीराचं भानही ठेवावं लागतं. एक अट मात्र पाळायची. चित्र दिसतं कसं याची नक्कल करायची नाही, ते कुठल्या क्रमानं उभं राहिलं असेल त्या क्रमाची करायची. वरवरचं साम्य छायाचित्रालाही साधतं, क्रम मात्र हातानंच शिकावा लागतो.

स्वतः राजा रविवर्मा असंच पाहत शिकले. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा चित्रकार त्रावणकोर दरबारात आला, तेव्हा त्यानं वीस वर्षांच्या रविवर्मांना शिकवलं नाही. आपण काम करत असताना पाहायची तेवढी मुभा दिली. ते पाहणंच त्यांना पुरलं. आपल्याकडे तर त्यांची पूर्ण झालेली चित्रं समोर आहेत.

चित्र कुठलं घ्यावं

मी ‘हंस-दमयंती’ सुचवते. १८९९ सालचं हे तैलचित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनाच्या संग्रहातलं आहे. विदर्भाची ही राजकन्या आपल्याला परकी नाही आणि तिची लाल साडी नवशिक्यासाठी उत्तम आहे. एकच मोठा रंग, त्यात भरपूर चुण्या आणि शेवटी सोनेरी काठ. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. सरावासाठी प्रतिकृती करायला कोणाची आडकाठी नाही.

घरात रविवर्मांची जुनी तसबीर असेल तर ती समोर ठेवून काम करायचा मोह होईल. तो टाळा. त्या तसबिरी त्यांच्या छापखान्यातल्या. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग छापून त्या तयार व्हायच्या, आणि त्यांतल्या मधल्या छटा बारीक ठिपक्यांनी साधलेल्या असतात. भिंगातून पाहिलंत तर लगेच कळेल. ठिपक्यांवरून कुंचल्याचा फटकारा शिकता येत नाही. त्यामुळे मूळ तैलचित्राचंच, शक्य तितकं मोठं आणि स्वच्छ छायाचित्र मिळवा. इंटरनेटवर एकाच चित्राच्या दहा प्रती दहा रंगांत दिसतात. कुठे साडी केशरी, कुठे जांभळट. त्यांतली कमी भडक प्रत निवडा.

पूर्ण चित्र करायचं नाही. पहिल्या खेपेला डोक्यापासून गुडघ्याच्या थोडं खालपर्यंतचा भाग पुरे. हंस, पायऱ्या, झाडी सगळं सोडून द्या. हा भाग ४ : ५ या प्रमाणात कापा आणि ८ × १० इंचांचे दोन प्रिंट काढून घ्या, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. कृष्णधवल प्रिंट तुम्हाला रंगीतपेक्षा जास्त वेळा लागेल. प्रिंट फोटोच्या मॅट कागदावर हवा, कारण चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते आणि नेमकी सावलीतली छटा दिसेनाशी होते. मोबाइलच्या पडद्यावर पाहून रंगवू नका. पडदा स्वतःच उजेड देतो, कॅनव्हासवरचा रंग उजेड देत नाही, त्यामुळे तुमचा कॅनव्हास सतत काळवंडलेला वाटत राहतो.

सामान

पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि आसपासच्या पेठांत चित्रकलेचं सगळं सामान मिळतं. दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून २४ रंगांचा संच घेऊ नका. या चित्राला नऊ ट्यूब पुरतात: टायटॅनियम व्हाइट (मोठी), यलो ऑकर, व्हर्मिलियन ह्यू, लाइट रेड, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट अंबर, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक. विद्यार्थी दर्जाचे चालतील, पण अलिझरिन शक्य तर वरच्या दर्जाचा घ्या, कारण साडीचा सगळा खोलपणा त्याच्यावर अवलंबून आहे.

कुंचले पाच पुरेत. डुकराच्या राठ केसांचे चपटे तीन, ४, ८ आणि १२ नंबरचे, आणि मऊ केसांचे गोल दोन. सोबत जवसाचं शुद्ध तेल, टर्पेंटाइन, पॅलेट नाइफ, कोळसा आणि जुन्या सुती धोतराचे किंवा बनियनचे तुकडे. स्वयंपाकाचं तेल वापरू नका. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल कधीच वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, म्हणून तर ते चित्रकाराचं.

याच कारणानं एक धोका संभवतो. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर वाळताना तयार होणारी उष्णता आत साठते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी, आणि वापरलेलं मोरीत ओतायचं नाही. बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पुन्हा वापरता येतं.

कॅनव्हास तयार, १६ × २० इंचांचा, सुती असला तरी हरकत नाही. त्यावर अॅक्रिलिक जेसोचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, आणखी एक हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्ख्या कॅनव्हासवर फडक्यानं पुसून घ्या, चहात दूध जास्त झाल्यावर येतो तेवढा रंग हवा. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक छटा गडद भासते आणि हात घाबरतो. मातकट पृष्ठावर उजेड आणि सावली दोन्हीकडे जाता येतं.

जागा आणि उजेड

उत्तरेची खिडकी मिळाली तर भाग्य. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती बहुधा स्वयंपाकघराला किंवा जिन्याला असते, त्यामुळे दुसऱ्या खिडकीला पातळ पांढरा पडदा लावून थेट ऊन अडवा. रात्री काम करणार असाल तर पांढऱ्या उजेडाचा एकच दिवा ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पिवळ्या बल्बखाली सरस वाटलेला लाल सकाळी जांभळट निघतो.

ऋतूचाही विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उजेड दिवसभर सारखा राहतो, पण थर वाळता वाळत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

रेखाटन: आधी शरीर, मग साडी

प्रिंटवर एक-एक इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर दोन-दोन इंचांचे. दोन्हीकडे आडवे आठ आणि उभे दहा, म्हणजे ८० चौकोन. चौकोनांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. इथे आपण रेखाटनाची परीक्षा देत नसून रंगाचं शिक्षण घेतोय.

पण चौकोन एकेक भरत जाऊ नका. त्यानं आकृती तुकड्यातुकड्यांची होते. आधी कोळशानं डोक्याचा माथा, हनुवटी, खांदे, कंबर, नितंब आणि गुडघे यांच्या जागा ठरवा. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा आणि प्रिंटसमोर धरून पाहा, गळ्याच्या खळगीतून सोडलेली उभी रेषा खाली कुठे उतरते? ती जागा चुकली तर दमयंती कलंडलेली दिसेल आणि पुढे कितीही सुंदर रंग लावला तरी ती सावरणार नाही.

मग साडीच्या आतलं शरीर हलक्या रेषेत काढा. गुडघा कुठे आहे, कुठल्या पायावर भार आहे, नितंबाचा कुठला भाग बाहेर आला आहे. कापडाला स्वतःचा आकार नसतो. ते कुठेतरी अडकतं आणि तिथून खाली येतं. साडी खांद्यावर अडकते, कमरेला खोचली जाते, नितंबावर ताणली जाते, गुडघ्यावर टेकते. या चार जागा प्रिंटवर लाल पेन्सिलीनं टिंबं देऊन नोंदवा. आता प्रत्येक चुणीचा उगम शोधा, ती यांतल्याच एखाद्या टिंबाकडे जाताना दिसेल. कमरेला खोचलेल्या निऱ्या उभ्या, नळ्यांसारख्या खाली येतात. दोन टिंबांमध्ये सैल सुटलेलं कापड झोका घेतं. वाकलेल्या कोपरापाशी किंवा गुडघ्यापाशी चुणी एकदम दिशा बदलते आणि तिथे त्रिकोणी खोबण तयार होते. ही खोबण नीट काढणारा माणूस साडी रंगवू शकतो, असं मी खुशाल म्हणते.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना वस्तुचित्रात मागे पडदा टांगून काढलेला अनेकांना आठवत असेल. फरक एवढाच की पडदा खिळ्यावर लटकतो आणि साडी माणसावर, जिवंत आधारावर.

बारीकसारीक चुण्या सोडून द्या. मोठ्या आठ-दहा पुरे. रेखाटन जमलं की जास्तीचा कोळसा फडक्यानं झटकून टाका आणि उरलेल्या पुसट रेषा पातळ बर्न्ट अंबरनं पक्क्या करा.

पहिला थर: फक्त अंबर

बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, तेल अजिबात नको. १२ नंबरचा कुंचला घेऊन सावलीचे सगळे भाग एकत्र, सपाट भरा. केस, मानेखालची सावली, साडीच्या खोबणी हे सगळं एकच. आता कृष्णधवल प्रिंट समोर ठेवून डोळे किलकिले करा. चित्रात तुम्हाला पाचच छटा दिसायला हव्यात. सहावी दिसली तर ती जवळच्या छटेत मिसळा. उजेडाच्या जागी रंग लावण्याऐवजी फडक्यानं पुसून काढा, खालचं मातकट पृष्ठ उजळून वर येतं.

अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. कोरड्या दिवसांत एक-दोन दिवसांत पुढचं काम सुरू करता येतं.

इथे थांबून कॅनव्हास आरशात पाहा. उलट्या प्रतिमेत डोळ्यांना सवय झालेल्या चुका उघड होतात. दहा फुटांवरूनही पाहा. एकरंगी अवस्थेतच साडीखालचा गुडघा जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर रंगाकडे जाऊ नका, कारण लाल रंग ती उणीव झाकत नाही, उलट दाखवून देतो.

साडी: या चित्राचा गाभा

नवशिके लाल साडी रंगवताना एक ठरावीक गोष्ट करतात. लाल उजळ करायचा म्हणून पांढरा घालतात आणि गडद करायचा म्हणून काळा. पांढऱ्यानं साडी गुलाबी होते, काळ्यानं ती मळकी दिसते. जुन्या युरोपीय चित्रकारांनी यावर काढलेला मार्ग आजही उपयोगी पडतो: खाली अपारदर्शक, उष्ण लाल आणि तो वाळल्यावर त्यावर पारदर्शक, गडद लाल.

म्हणून पहिल्या खेपेला अलिझरिनला हात लावू नका. पॅलेटवर चार ढीग करा. सर्वांत गडद ढीग बर्न्ट अंबर आणि लाइट रेडचा, थोडा अल्ट्रामरीन घालून. दुसरा नुसत्या लाइट रेडचा. तिसऱ्यात लाइट रेड आणि व्हर्मिलियन. सर्वांत उजळ ढिगात व्हर्मिलियन, किंचित यलो ऑकर आणि सुईच्या टोकाएवढा पांढरा. हे चार रंग कुंचल्यानं नाही, पॅलेट नाइफनं आधीच कालवून ठेवा. चित्र करताना रंग शोधत बसलं की फटकाऱ्यांतला आत्मविश्वास जातो.

आता एकच निरी घ्या, मांडीवरून खाली येणारी. तिच्या कडेनं डावीकडून उजवीकडे पाहत चला. उजेडाकडची बाजू उजळ आहे. मग ती वळते आणि रंग सर्वांत लाल दिसतो, सर्वांत उजळ जागी नव्हे तर या मधल्या छटेत. हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. पुढे सावलीचा गाभा येतो, गडद आणि काहीसा थंड. त्याच्या पलीकडे, निरीच्या अगदी आतल्या कडेला, शेजारच्या निरीवरून परतलेला उजेड असतो आणि तो केशरीकडे झुकतो, कारण लाल कापडावर लाल कापडाचाच उजेड पडतोय. शेवटी एका निरीची दुसरीवर पडलेली सावली. तिची कडा उगमापाशी धारदार आणि पुढे पुढे विरघळत जाते.

या पाच पायऱ्या एका निरीत नीट उतरल्या की उरलेल्या साडीत त्याच पुन्हा करायच्या आहेत. परतलेला उजेड मात्र कधीही उजळ बाजूइतका तेजस्वी करू नका. तो सावलीच्या घराण्यातला आहे. तिथे हात सुटला की निरी प्लॅस्टिकच्या नळीसारखी चमकू लागते.

फटकारा कापडाच्या वळणाबरोबर फिरवा, निरीच्या लांबीनं नको, तिच्या गोलाईवरून आडवा घ्या. आणि कडा! सगळ्या कडा सारख्या धारदार ठेवल्या तर कापड पत्र्याचं वाटतं. ओल्या रंगातच, कोरडा मऊ कुंचला हलकेच फिरवून वळणाऱ्या कडा विरवा. एका चुणीवर दुसरी चढते तिथली कडा तेवढी स्वच्छ ठेवा.

हा थर पूर्ण वाळू द्या. कोरड्या हवेत आठवडाभर, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट तरी. सर्वांत जाड रंग असलेल्या जागी, कोपऱ्यात, बोट हलकेच दाबून पाहा. चिकटलं तर थांबा.

मग अलिझरिन. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घ्या, त्यात अलिझरिन पातळ करा आणि मऊ कुंचल्यानं साडीच्या सावल्यांवर आणि मधल्या छटांवर पसरा. लगेच फडक्यानं उजळ भागांवरून पुसून घ्या. रंग खोबणींत राहील आणि माथ्यावरून निघून जाईल. खालचा विटकरी लाल एकाएकी डाळिंबी होतो. शिकणाऱ्यांना हा क्षण दाखवताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो, कारण ट्यूबमधून थेट हा रंग निघतच नाही. एका हातानं भागलं नाही तर वाळल्यावर दुसरा हात द्या. अलिझरिन सावकाश वाळतो, धीर धरा.

थरांचा नियम इथे लक्षात ठेवायचा तो असा की खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केलं तर वरचा थर आधी वाळून घट्ट होतो, खालचा नंतर आकसतो आणि काही वर्षांत चित्राला भेगा पडतात.

काठ आणि जर

सोनेरी ट्यूब आणू नका. जर हा रंग नाही, तो उजेडाचा खेळ आहे. काठ आधी रॉ अंबर आणि ऑकरच्या मिश्रणानं सपाट रंगवा, आणि तो निऱ्यांबरोबर आत-बाहेर वळू द्या. खोबणीत काठ दिसेनासा झाला पाहिजे. सावलीत त्यात थोडा अल्ट्रामरीन मिसळा. उजळ बाजूला ऑकर आणि पांढरा. शेवटी, निरीच्या माथ्यावर, जाडसर रंगाचे मोजके ठिपके. नक्षी मोजून काढू नका, जवळून पाहिल्यावर नुसते फटकारे आणि दोन पावलं मागे गेल्यावर जर, असं व्हायला हवं. घरात पैठणी असेल तर तिचा पदर खुर्चीच्या पाठीवर टाका आणि खिडकीपाशी नेऊन पाहा, खरी जर बहुतांश भागात तपकिरी दिसते.

त्वचा

चेहरा शेवटी आणि थोडक्यात. ऑकर, लाइट रेड आणि पांढरा यांच्या मिश्रणावर बहुतेक काम होतं. वळणाऱ्या भागात, म्हणजे जबड्याची कड, मनगट, कोपर, त्यात थोडा रॉ अंबर आणि काळ्याचा अंश मिसळून करडेपणा आणा. लाल साडीच्या शेजारी तो करडा हिरवट दिसेल आणि तसाच दिसायला हवा, त्यामुळेच त्वचा जिवंत वाटते. डोळ्यांच्या पापण्या, ओठांच्या कडा यांत अडकू नका. साडीवर जेवढा वेळ दिला त्याच्या तिसरा हिस्सा चेहऱ्याला पुरतो. पहिल्या नकलेत चेहऱ्याचं साम्य साधणं हे उद्दिष्टच नाही.

मूळ चित्रं पाहायला जा

नक्कल अर्धी झालेली असताना सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. आपल्या गणेशखिंडीजवळचं औंध नव्हे, पंतप्रतिनिधींचं. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेळा आणि सुटीचा वार विचारून घ्या. काम सुरू करण्यापूर्वी गेलात तर विषय दिसेल, मध्यावर गेलात तर रंग कसा लावलाय ते दिसेल. चित्रासमोर बाजूला उभं राहून तिरप्या उजेडात पाहा. कुठे रंग जाड आहे, कुठे इतका पातळ की कॅनव्हासची वीण दिसते? वस्त्राच्या सावल्यांत नेमकं काय रंगवायचं सोडून दिलंय? वहीत चित्र काढू नका, फक्त या प्रश्नांची उत्तरं लिहून आणा आणि परतल्यावर तुमच्या साडीतलं नको तेवढं तपशीलवार झालेलं काम पुसट करा.

पूर्ण झाल्यावर

व्हार्निशची घाई करू नका. पातळ थरांच्या चित्राला सहा महिने, जाड रंग असेल तर वर्षभर थांबा. तोवर ते भिंतीकडे तोंड करून अंधारात ठेवू नका, कारण जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर टांगा. पावसाळ्यात भिंत ओल धरत असेल तर कॅनव्हासच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

पुढच्या बाजूला रविवर्मांची सही काढू नका. मागे स्पष्ट लिहा: राजा रविवर्मा यांच्या ‘हंस-दमयंती’वरून, तुमचं नाव, वर्ष. त्याखाली कुठल्या थरात कुठले रंग वापरले तेही लिहा.

त्यानंतर लगेच, हातात क्रम ताजा असतानाच, एक खरी सुती साडी घ्या, आई-आजीची जुनी, मऊ झालेली असेल तर अधिक चांगली. दाराच्या कडीला एक टोक बांधा, मधला भाग खुर्चीच्या हातावर टाका, खाली निऱ्या मोकळ्या सोडा, एका खिडकीचा उजेड येऊ द्या. त्याच आकाराच्या दुसऱ्या कॅनव्हासवर, त्याच नऊ रंगांनी, कुठलाही प्रिंट समोर न ठेवता ती रंगवा. सुरुवात चार टिंबांपासून करा.